कॅरॅव्हॅनमधला सुटलेला आरसा कसा बसवायचा, आणि त्या कामाचे किती घ्यायचे?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण कॅरॅव्हॅनच्या बाथरूममधल्या कपाटाचा आरसा काढला आणि परत बसवला. व्हिडिओत हात दिसतात, हिशेब दिसत नाही. म्हणून ज्यांना हे काम धंदा म्हणून करायचंय त्यांच्यासाठी कारणं आणि हिशेब इथे लिहून ठेवतोय. वही-पेन घेऊन बसा, मध्ये थोडं गणित आहे.

कॅरॅव्हॅन म्हणजे ट्रॅव्हलर, विंगर अशा गाडीत झोपायची जागा, छोटं किचन आणि टॉयलेट-बाथरूम बसवलेली गाडी. कुणी मोटरहोम म्हणतं, कुणी कॅम्पर. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशा गाड्या बनवणारे आहेत, भाड्याने देणारेही आहेत. पण आतली बारीकसारीक दुरुस्ती करणारा माणूस शोधायला गेलात तर पंचाईत. सुतार म्हणतो, "गाडीचं काम आपलं नाही." गॅरेजवाला म्हणतो, "फर्निचरचं काम आपलं नाही." या दोघांच्या मधली जी मोकळी जागा आहे ना, तिथे तुमच्यासारख्या नव्या माणसाला उभं राहता येतं.

मीही तिथेच उभा होतो. ट्रेनिंग सुरू करायच्या आधी मी पुण्यात इंटिरियर फिटिंगची कामं घ्यायचो. एका शुक्रवारी दुपारी ४ वाजता एका गाडीमालकाचा फोन आला. त्याच्याकडे भाड्याच्या ३ गाड्या होत्या. एका गाडीच्या बाथरूममधला आरसा हलत होता आणि संध्याकाळी ७ वाजता एक कुटुंब ती गाडी घेऊन तारकर्लीला निघणार होतं. मी गेलो. आरसा थोडा पुढे ओढला, जुन्या सिलिकॉनवरच नवीन सिलिकॉन मारलं, वरून पट्ट्या लावल्या आणि ५०० रुपये घेऊन आलो. पाऊण तासात ५०० रुपये! स्वतःवर खूश होतो.

पहाटे फोंडा घाटात तो आरसा सुटला. कपाटाचं दार वळणावर उघडलं, आरसा घसरला आणि बेसिनवर आपटून चुरा झाला. दहा मिनिटं आधी त्या घरातली ताई तिथेच मुलाचं तोंड धूत होती. कुणाला लागलं नाही, हे नशीब. पण त्या लोकांनी अख्खी सुट्टी बाथरूम बंद ठेवून काढली, कारण काचेचे बारीक कण निघता निघेनात. मालकाने त्यांना भाडं परत दिलं. मला तो एक शब्द वाईट बोलला नाही. फक्त पुन्हा कधी फोन केला नाही. ३ गाड्यांचं वर्षभराचं काम मी ५०० रुपयांत घालवलं.

आता बघूया, माझं नेमकं चुकलं कुठे.

आरसा सुटतो का?

घरातला आरसा भिंतीवर असतो आणि भिंत हलत नाही. कॅरॅव्हॅनमध्ये आरसा कपाटाच्या पातळ दारावर असतो. गाडीचं वजन वाढू नये म्हणून दार ९ किंवा १२ मिलिमीटर प्लायचं किंवा पीव्हीसी बोर्डचं असतं. गाडी खड्ड्यातून गेली की दार किंचित वाकतं, काच वाकत नाही. मधल्या मध्ये चिकटवलेला भाग ताणला जातो. असं एका सहलीत हजारो वेळा होतं.

त्यात उष्णता. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तापमान सहज ५० अंशांच्या वर जातं. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी पांढरी फोमची दुहेरी टेप त्या उष्णतेत मऊ पडते आणि आरसा रोज केसभर खाली सरकतो. वरून बाथरूमची वाफ आणि ओल. हे सगळं सोसेल असाच माल वापरला पाहिजे. घरचा अनुभव इथे अर्धाच कामाला येतो.

पण थांबा. आरसा हलतोय असं गिऱ्हाईक म्हणालं म्हणजे आरसाच सुटलाय असं नाही. आधी चारही कोपऱ्यांवर अंगठ्याने हळू दाबून बघा. एखादा कोपरा आत जाऊन बाहेर येत असेल तर तिथलं चिकटकाम गेलंय. कोपरे घट्ट आहेत आणि तरी खडखड येतेय, तर दार उघडा आणि बिजागरीजवळ धरून हलवा. बऱ्याचदा बिजागरीचे स्क्रू प्लायमधून सैल झालेले असतात, आरसा बिचारा जागच्या जागी असतो. मग दाराचा कॅच बघा. घरगुती मॅग्नेटचा कॅच गाडीच्या धक्क्याने उघडतो, दार आपटत राहतं. कॅरॅव्हॅनला दाबून बंद होणारं पुश लॉकच हवं. माझ्या त्या ५०० रुपयांच्या कामात मी कॅच तपासलाच नव्हता. दार उघडलं नसतं तर कदाचित आरसा तारकर्लीपर्यंत पोचला असता.

शेवटी दाराची खालची कड नखाने दाबा. प्लाय फुगलेला, पापुद्रे सुटलेले असतील तर त्या दारावर आरसा बसवूच नका. दार बदलायला सांगा. कुजक्या प्लायवर जगातला सगळ्यात भारी गोंद लावलात तरी तो प्लायचा वरचा पापुद्रा घेऊन खाली येणार.

काढताना

हातमोजे आणि चष्मा. यावर चर्चा नाही.

काचेवर पुढून रुंद टेपच्या पट्ट्या आडव्या-उभ्या चिकटवा, म्हणजे फुटली तरी तुकडे विखुरणार नाहीत. हेअर ड्रायरने काच सगळीकडून सारखी कोमट करा. एकाच ठिकाणी गरम हवा धरून ठेवली तर काच तडकते. मग मासेमारीची जाड तंगूस घ्या, दोन्ही टोकांना लाकडाचे छोटे तुकडे बांधा आणि आरशाच्या मागून करवतीसारखी खालीवर ओढत न्या. जुनं सिलिकॉन आणि टेप दोन्ही कापली जातात. त्या वेळी दुसऱ्या माणसाने आरसा धरलेला पाहिजे. पटाशी घालून कोपरा उचकटायचा मोह होतो, मला माहितेय. काच कडेलाच सगळ्यात कमजोर असते, तिथूनच फुटते.

आरसा निघाला की दोन्ही बाजूंचं जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढा. जुन्या सिलिकॉनवर नवीन सिलिकॉन धड धरत नाही. माझी पहिली चूक हीच. आरशाच्या मागच्या बाजूला मात्र जपून, तिथला रंग खरवडला की पुढून आरशावर डाग दिसतो. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून स्वच्छ फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. दार सनमायका लावलेलं असेल तर उत्तम. कोरा प्लाय असेल तर आधी सीलर किंवा रंगाचा हात द्या, नाहीतर तो ओल पितो आणि टेपला धूळ देतो.

वजनाचं गणित

हे पाठ करा. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला २.५ किलो. म्हणजे ४ मिलिमीटरची काच चौरस मीटरला १० किलो. आपल्या व्हिडिओतला आरसा ४० बाय ५० सेंटिमीटर आहे, म्हणजे ०.२ चौरस मीटर. वजन झालं २ किलो.

आता टेप. इथे साधी फोम टेप नाही, ॲक्रिलिक फोम टेप लागते, जिला बाजारात व्हीएचबी नावाने ओळखतात. तिचा ढोबळ नियम असा की दर किलो वजनाला साधारण ५७ चौरस सेंटिमीटर टेप हवी. २ किलोला झाली ११४. टेप १२ मिलिमीटर रुंद असेल तर ११४ भागिले १.२, म्हणजे ९५ सेंटिमीटर. एक मीटर धरा. आम्ही आरसा काढला तेव्हा मागे जुन्या टेपचे ५-५ सेंटिमीटरचे ४ तुकडे निघाले, म्हणजे फक्त २४ चौरस सेंटिमीटर. लागणार होती त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढी टेप, आणि तीही साधी! तो आरसा इतके दिवस टिकला हेच आश्चर्य.

बरं, हा नियम शांत उभ्या असलेल्या वजनाचा आहे. गाडी घाटात ब्रेक मारते, खड्ड्यात आपटते. म्हणून मी एक गोष्ट सोडत नाही: आरशाचं वजन खालून धातूवर टेकलं पाहिजे. दाराच्या खालच्या बाजूला ॲल्युमिनियमचं छोटं यू चॅनल स्क्रूने बसवा, आत रबराची पट्टी घाला आणि आरसा त्यात उभा करा. वरच्या बाजूला दोन क्लिपा. मग गोंदाने फक्त आरसा मागे धरून ठेवायचा, उचलून धरायचं काम त्याच्याकडे उरत नाही. चॅनलला खालून दोन-तीन बारीक भोकं पाडा, नाहीतर पाणी साचून आरशाची कड काळी पडते. स्क्रू दाराच्या जाडीपेक्षा छोटेच घ्या. आतून टोक बाहेर आलं आणि गिऱ्हाइकाचा हात कापला तर तुमचं सगळं चांगलं काम पाण्यात.

काच नको असेल तर ॲक्रिलिकचा आरसा मिळतो. त्याच मापाचा ३ मिलिमीटर ॲक्रिलिक आरसा जेमतेम ७०० ग्रॅम भरतो आणि फुटून चुरा होत नाही. मुलं असलेल्या कुटुंबांना गाडी भाड्याने देणाऱ्याला मी हाच सुचवतो. पण दोष आधी सांगून टाका: त्यावर ओरखडे पडतात, प्रतिबिंब थोडं लाटांसारखं दिसतं आणि तो उष्णतेने काचेपेक्षा कितीतरी जास्त फुगतो. ५० सेंटिमीटर लांबीत ३० अंशांचा फरक पडला तर जवळजवळ १ मिलिमीटर. म्हणून चॅनलमध्ये आणि क्लिपांत मोकळी जागा ठेवायची, ठोकून घट्ट बसवायचा नाही. काचच हवी असेल तर काचवाल्याला कडा घासून मागा आणि मागून सेफ्टी फिल्म लावून घ्या. फिल्म असली की काच फुटली तरी तुकडे जागेवर राहतात. मात्र मग टेप फिल्मला चिकटते, काचेला नाही. म्हणून तिथे खालचं चॅनल आणखी महत्त्वाचं.

बसवताना

टेपच्या पट्ट्या उभ्या लावा, आडव्या नाही. आडव्या पट्टीवर पाणी अडतं. दोन पट्ट्यांच्या मध्ये सिलिकॉनची उभी रेघ. सिलिकॉन घेताना नळीवर न्यूट्रल लिहिलेलं आहे का ते वाचा. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते आरशाला चालत नाही. त्यातलं आम्ल मागच्या चांदीच्या थराला खातं आणि काही महिन्यांनी काळे ठिपके दिसायला लागतात. दुकानदार "सगळं सारखंच असतं" म्हणेल. नसतं.

सिलिकॉन हवेतल्या दमटपणाने वाळतं, बाहेरून आत, दिवसाला साधारण २ ते ३ मिलिमीटर. म्हणून सगळ्या आरशाला मागून लोण्यासारखं फासायचं नाही. मधल्या भागाला हवाच मिळत नाही आणि तो आठवडाभर ओला राहतो. रेघांमध्ये वाट मोकळी ठेवा.

आरसा आधी चॅनलमध्ये टेकवा, मग हळूहळू मागे न्या आणि प्रत्येक पट्टीवर तळहाताने नीट दाबा. दाब महत्त्वाचा. टेप दाबाने चिकटते, नुसती टेकवून नाही. आणि एकदा टेकली की सरकवता येत नाही, म्हणून दारावर आधीच पेन्सिलीने खुणा करून ठेवा.

आता खरी गोची. ही टेप २० मिनिटांत साधारण निम्मी ताकद पकडते, २४ तासांत ९० टक्के आणि ७२ तासांत पूर्ण. आणि गाडीमालकाला गाडी आज संध्याकाळी हवी असते. नेहमीच हवी असते! तुम्ही नवीन असता, काम हातचं जाईल अशी भीती वाटते, तुम्ही "हो, होऊन जाईल" म्हणता. मी तेच म्हणालो होतो.

आपल्या बॅचमधल्या साताऱ्याच्या एका ताईंनी यावर जे केलं ते मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. नवऱ्याच्या फर्निचरच्या दुकानातून त्यांनी हे काम सुरू केलं. त्यांनाही असाच फोन आला, गाडी सकाळी निघणार म्हणून. त्या मालकाला म्हणाल्या, "दादा, तीन दिवस आरशाला लागतात, गाडीला नाही." बिजागरीचे स्क्रू काढून आख्खं दार घरी घेऊन आल्या. कपाटातलं सामान पडू नये म्हणून दाराच्या जागी दोन आडव्या पट्ट्या मारून दिल्या आणि एक छोटा प्लास्टिकचा आरसा दोरीने अडकवून दिला. गाडी वेळेवर निघाली. दुकानात दार टेबलावर आडवं ठेवून त्यांनी आरसा बसवला, वर वजन ठेवलं, ७२ तास हात लावला नाही. गाडी परत आली तेव्हा २० मिनिटांत दार चढवलं.

टेबलावर काम उभ्या कामापेक्षा सोपं आणि सुबकही होतं, हा वरचा फायदा. आणि पुढचं ऐका. त्या मालकाच्या ४ गाड्या एकाच कारागिराने बनवलेल्या होत्या, दारं सगळी एकाच मापाची. ताईंनी एक दार जास्तीचं बनवून आरशासकट तयार ठेवलं. आता फोन आला की तयार दार घेऊन जायचं, जुनं उतरवून आणायचं. वाट बघायला लागतच नाही. याला म्हणतात धंदा बसवणं. गाडीवर जाल तेव्हा दाराचं माप, बिजागरीचा प्रकार आणि भोकांमधलं अंतर वहीत लिहून ठेवायचं ते यासाठीच.

किती घ्यायचे?

आकडे समजुतीसाठी आहेत, तुमच्या गावचे दर तुम्ही घाला. काढणं १ तास, साफसफाई पाऊण तास, बसवणं पाऊण तास, दोन फेऱ्यांचा प्रवास २ तास. झाले साडेचार तास. तासाला २०० रुपये धरले तर ९००. आरसा, टेप, सिलिकॉन, चॅनल, क्लिपा, पुश लॉक मिळून समजा ७००. पेट्रोल २००. बेरीज १,८००. यावर १० टक्के, म्हणजे १८०, बाजूला ठेवायचे, कारण दहातला एखादा आरसा तुमच्या हातून फुटणार किंवा एखाद्या ठिकाणी परत जावं लागणार. झाले १,९८०. त्यावर २० टक्के नफा, ३९६. म्हणजे २,३७६, सांगा २,४००.

"एवढ्याशा आरशाचे २,४००?" असं विचारलं जाईलच. तेव्हा आवाज न चढवता काढलेल्या जुन्या टेपचे तुकडे त्यांच्या हातावर ठेवा आणि २४ विरुद्ध ११४ चा हिशेब सांगा. बहुतेक मालकांना तो लगेच कळतो, कारण चालत्या गाडीत काच फुटली तर काय होईल हे त्यांना तुमच्याआधी दिसतं. तरीही कुणी ५०० वरच अडून बसला तर नमस्कार करून निघा. चहा पिऊन निघालात तरी चालेल. ४ गाड्यांचं काम एकदम मिळालं तर मात्र दर कमी करा, फेऱ्या वाचतात.

गिऱ्हाइकं फक्त कॅरॅव्हॅनवाल्यांत शोधू नका. मुंबईत, कोल्हापुरात शूटिंगसाठी व्हॅनिटी व्हॅन फिरतात, त्यांत मेकअपचे मोठे आरसे असतात, शेजारी गरम दिवे. तिथेही हेच सगळं लागू आहे आणि तिथे आरसा हलला तर काम थांबतं, त्यामुळे घासाघीस कमी होते.

काम देताना दार दहा वेळा उघडझाप करून दाखवा. मग मालकाला गाडीत बसवून जवळच्या खराब रस्त्यावर एक फेरी मारा आणि आवाज येतोय का ते दोघांनी मिळून ऐका. घरी आल्यावर व्हॉट्सॲपवर त्याला असा मेसेज टाका, मी वापरतो तोच देतोय:

"नमस्कार. आज आपल्या गाडीच्या बाथरूममधल्या दाराला नवीन आरसा, खालून चॅनल आणि पुश लॉक बसवून दिलं आहे. आरसा ॲक्रिलिकचा आहे, काच पुसायचा स्प्रे किंवा स्पिरिट वापरू नये, त्याने त्याला बारीक तडे जातात. साबणाचं पाणी आणि मऊ कापड पुरे. पहिल्या लांब सहलीनंतर मी स्वतः येऊन स्क्रू तपासून देईन, त्याचे पैसे नाहीत. सहा महिन्यांत आरसा सुटला तर दुरुस्ती माझ्या खर्चाने. फोटो सोबत पाठवत आहे."

आणि मोबाइलमध्ये सहलीनंतरच्या तारखेचा अलार्म लावून ठेवा. फोन तुम्हीच करायचा.

पुढच्या व्हिडिओत बाथरूमच्या छतावरचा व्हेंट गळत असेल तर काय करायचं ते बघू.